नवमीचं पान

॥ श्री ॥

बदलापूर गाव,
११ ऑगस्ट २०२५

चि. काशीस,
दादूसचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टमनने पाकीट टाकलं तेव्हा तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा मोबाईलही धड आहे. पण आपण दोघं बहीणभाऊ फोनवर आलो की जेवलीस का, जेवले, एवढं झाल्यावर तिसरं वाक्य भांडणाचं असतं. आईच्या वर्षश्राद्धाच्या आधी तू फोन आपटलास आणि मग आलीच नाहीस. म्हणून हा कागद. कागदावर समोरच्याला मध्येच तोडता येत नाही.

इकडे सगळं चालू आहे. तुझ्या वयनीचे गुडघे तेच गाणं गातात. भावेश अंबरनाथच्या नव्या फ्लॅटमध्ये रमला. रविवारी नवराबायको तोंड दाखवतात आणि जाताना डबे भरून नेतात. करिष्मा म्हणते की सासूबाईंच्या हाताची चव फ्लॅटमध्ये येत नाही. गयाला ते खरं वाटतं, आणि ती आणखी एक डबा भरते. नदीकाठची आपली शेवटची दोन खाचरं तशीच पडून आहेत. शेजारी बारा मजले उभे राहिले, तिथले लोक खिडकीतून आपल्या खाचरातले बगळे बघतात. कंपनी सुटल्यापासून मला काम नाही, संध्याकाळी काठावर जाऊन बसतो. गया त्यावरून बोलत असते.

आईला जाऊन वर्ष होऊन गेलं, पण घराची सवय जात नाही. परवा गयाने भाकऱ्या केल्या तर एक जास्तीची निघाली. पंच्याऐंशी वर्षांची बाई गेली तर लोक म्हणतात सोनं झालं. ज्याच्या घरातून जाते त्याला विचारा.

मुद्द्याचं लिहितो. यंदा आईचं पहिलं पित्र. भटजींना विचारलं. आई सवाष्ण गेली, तेव्हा तिचं पान अविधवा नवमीला वाढायचं. नवमी पंधरा सप्टेंबरला, सोमवारी येते. गावातल्या सवाष्णींना जेवायला सांगायचं, आणि एकीला आईच्या नावाने हिरवी साडी, बांगड्या, ओटी. भावेशने नाक्यावर लावायला फलक करायला टाकलाय. नथ घातलेला तिचा तो फोटो, खाली कै. सौ. कमळाबाई हरिचंद्र.

तू ये. आता पुढचं लिहिताना हात अडतो, पण रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. नवमीचं पान सवाष्णी मांडतात, ओटीही त्याच भरतात. तू आदल्या दिवशी येऊन राहा, पानाचं गया बघेल. तेवढं मनाला लावून घेऊ नकोस. आईला काय काय आवडायचं ते आठवून कळव, या बाबतीत तुझं डोकं चालतं.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझा दादूस,
बुधाजी


॥ श्री ॥

कॅम्प ५, उल्हासनगर,
१६ ऑगस्ट २०२५

ती. दादूस यास,
काशीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. घाबरले तर होतेच, पण तुझं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर बघून जीव भांड्यात पडला.

आईला काय आवडायचं विचारलंस. वालाचं बिरडं, अळूची पातळ भाजी, भोपळ्याची खीर. आणि सगळ्यांत जास्त तव्यावरची गरम भाकरी नि सुकटीची चटणी. पित्राच्या पानावर सुकट चालते का ते तू भटजीलाच विचार. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती की जेवणार मी, भटजीचं काय जातं.

ती माझ्याही घरातून गेलेली नाही. अर्धं आयुष्य तिने कॅम्प पाचच्या बाजारात बसून काढलं. उन्हाळ्यात जांभळं, पावसाळ्यात शेवळं, टाकळा, करटुली, डोक्यावर टोपली आणि काखेत कधी तू, कधी मी. सहा बाळंतपणं झाली, हाताशी राहिलो आपण दोघं. सिंधी बायका कमळकाकडी मागायच्या, तर त्यांना सांगायची की कमळ माझ्या नावात आहे, टोपलीत नाही. मराठी, हिंदी, सिंधी, तिन्हीची भेळ करून बोलायची आणि भाव मात्र आगरी बाईचा. एक पैसा खाली नाही. समोरची म्हातारी सिंधीण आता सगळं विसरते. मी ओट्यावर जीन्सच्या पँटींचे धागे कापत बसलेली असते, ती येते आणि तुझी अमां बाजारात दिसत नाही म्हणून विचारते. मी सांगते, गेली. ती रडते. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन विचारते. वर्षभर मी आईला अशी पुन्हा पुन्हा मारतेय.

आता तुझ्या रीतीचं. दादूस, रीत मला ठाऊक आहे. ती मी अंगावर घेतलेली आहे. २०११ साली आमचे हे गेले. दहाव्या दिवशी दारात चादर धरली, आणि माझ्या दोन विधवा जावांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. त्या वेळी सवाष्णीने समोर असू नये, म्हणून आई गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसून राहिली. चादरीच्या वरून मला तिचा हात दिसत होता. रिक्षाचा दांडा धरलेला, मनगटभर हिरव्या बांगड्या. मी हाक मारली. ती उतरली नाही. तोंडसुद्धा फिरवलं तिने.

तेव्हा बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. २००५च्या पुरात ते म्हशी सोडायला उतरले आणि परत आले नाहीत. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की माणूस गेला, फक्त प्रेत मिळालं नाही. एकट्या आईने ते मानलं नाही आणि कुंकू ठेवलं. तिने मानलं असतं तर त्या दिवशी माझ्याशेजारी माझी आई असती. विधवा तर विधवा. माझं कुंकू पुसायला मला तिचा हात हवा होता, जावांचा नको होता.

मग गेल्या आषाढात तू तिला हिरवं नेसवलंस, मळवट भरलास. गावच्या सवाष्णी रांगेने ओटी भरायला आल्या. मी पोटची पोर पायाशी उभी होते, तर कोणीतरी सांगितलं की जरा मागे हो. झाले. आता पानाच्या वेळीही मागे हो म्हणतोस. किती मागे व्हायचं माणसाने? मागे भिंत आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवमी नको. सर्वपित्रीला, एकवीस तारखेला, आईचं आणि बाबांचं पान शेजारी शेजारी वाढ. त्या दिवशी माझा हात चालतो. एकदा मला माझ्या आईचं पान माझ्या हाताने मांडू दे. बाकी मला काही नको.

वयनीला नमस्कार. जीव लावलायस तो काढून घेऊ नकोस.
तुझी,
काशी


॥ श्री ॥

बदलापूर गाव,
२२ ऑगस्ट २०२५

चि. काशीस,
दादूसचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रिक्षाचं मला आठवतं. मीही त्याच रिक्षात होतो. तू हाक मारलीस ती मी ऐकली.

पण बाबांचं पान मागू नकोस. बाबांना बुडताना कोणी पाहिलं? मी त्या दिवशी प्लास्टरमधला पाय घेऊन शेजारच्या कैलासच्या स्लॅबवर बसलेला, मला काही दिसलं नाही. आईने पाहिलं. तिने पाहिलं की बाबा पोहत पलीकडच्या काठाला लागले. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. उल्हास नदी त्यांना अंगणासारखी होती, लहानपणापासून पोहत होते. पलीकडे लागल्यावर डोक्याला मार बसला असेल, नावगाव विसरले असतील. तशी माणसं असतात. तुझी सिंधीण नाही का विसरत.

आई वेडी होती असं तुला म्हणायचंय का? एकोणीस वर्षं वडाला दोरा बांधायला गेली. बायकांनी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. समोरून आली तर कोणी वाट बदलायच्या, ना सवाष्ण म्हणून ओटी भरता येई, ना विधवा म्हणून टाळता येई. तिने कोणाला उलटून विचारलं नाही. सकाळी अंघोळ झाली की रुपयाएवढं कुंकू लावायची आणि चहा घेऊन माझ्यासमोर बसायची. माझा डबा भरून मी दाराबाहेर पडेपर्यंत जागची हलायची नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. तो पीळ तुझ्यातही आलाय.

शेवटच्या दिवशी तिचा हात उचलत नव्हता. माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी कपाळ दाखवलं. मी कुंकू लावलं. मग तिने डोळे मिटले. ज्या बाईने जाताना एवढंच मागितलं, तिला मी वर्षभराने विधवा करू?

मला सांगू नकोस काशी. माझ्या हाताने मी बापाला मारणार नाही. नवमीलाच पान होईल.

हल्ली झोप येत नाही, पाणी वाढलं की आणखी येत नाही. ते असो. तू तुझ्या साखरेच्या गोळ्या घेत जा.

माया ठेव, राग सोड.
दादूस


॥ श्री ॥

कॅम्प ५, उल्हासनगर,
२८ ऑगस्ट २०२५

ती. दादूस यास,
काशीचा नमस्कार.

काल गल्लीत गणपती आले, ढोल चालू आहेत, आणि मी कोपऱ्यात बसून तुला लिहितेय. डोकं आधीच उठलंय, त्यामुळे गोड लिहिणार नाही.

बाबा पलीकडे लागले म्हणतोस. बाबांना मी ओळखत नाही का? ते जिवंत असते तर पाणी उतरल्याबरोबर आले असते. आधी म्हशी आहेत का ते बघितलं असतं, मग आपण आहोत का ते. नाव विसरणारा माणूस नव्हता तो. शेजाऱ्याच्या बैलाचं नावसुद्धा त्याला पाठ असायचं. आज ते नव्वदीच्या पुढचे असते. वीस वर्षं त्या माणसाच्या नावाने कोणी पाण्याचा थेंब सोडला नाही. गावातल्या प्रत्येकाचा बाप पित्राला जेवून जातो, आपलाच बापूस दारोदार उपाशी फिरतोय, आणि तू म्हणतोस मी त्याला मारणार नाही. मेलेल्याला उपाशी ठेवणं याला काय म्हणतात ते सांग.

आणि तू इतका का चिडतोस तेच मला कळत नाही. आई बाई होती, तिचं मी समजू शकते. तुला काय झालं? खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं वाटतं मला तुझं पत्र वाचून.

त्या दिवशी पाणी एवढं चढलेलं असताना बाबा स्लॅबवरून खाली का उतरले? तुम्ही त्यांना उतरू कसं दिलंत? इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. मी चौथ्या दिवशी पोचले, तुम्ही जे सांगितलं ते ऐकून घेतलं. आता विचारणार. नवमीला मी येतेय. सवाष्णींचं पान मांडून झालं की सगळ्या भावकीसमोर तुला विचारणार, आणि बाबांचं पान माझ्या हाताने आईच्या शेजारी मांडणार. मग मला कोण मागे हो म्हणतं ते बघते.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर झाला.
बहीण आहे एवढं ध्यानात असू दे.
काशी


॥ श्री ॥

बदलापूर गाव,
४ सप्टेंबर २०२५

चि. काशीबायस,
वयनी गयाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून नवल वाटेल. तुझा दादा गिरणीवर दळण घेऊन गेलाय, तेवढ्यात लिहिते. माझी शाळा सातवीपर्यंतची, वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून हे धड जेवत नाहीत. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, यांनी नैवेद्याच्या ताटाला हात लावला नाही. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतात. मी काढून वाचलं तर खाई त्याला खवखवे लिहिलंयस तिथे कागद बोटाने मळलेला. परवा संध्याकाळी परतले नाहीत म्हणून काठावर गेले, तर गुडघाभर पाण्यात उभे. मी हाक मारली. म्हणाले, पाणी किती आहे ते बघत होतो. काशीबाय, पाणी काठावरूनही दिसतं.

म्हणून तुला सांगते. सासूबाईंनी जायच्या महिनाभर आधी मला सांगितलं होतं, आणि कोणाला सांगणार नाहीस म्हणून माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली होती. ती मी मोडतेय. पाप लागेल ते मला लागू दे.

पुराच्या दिवशी मी भावेशला घेऊन माहेरी होते. स्लॅबवर हे, सासूबाई आणि मामंजी असे तिघंच होते आणि कैलासच्या घरची माणसं पलीकडच्या कोपऱ्याला. म्हशी खाली गोठ्यात बांधलेल्या. त्यातल्या दोन यांनी नुकत्याच हौसेने घेतलेल्या. पाणी चढायला लागलं तेव्हा मामंजी म्हणाले की जनावरं गेली तर जाऊ देत, माणसं राहिली म्हणजे झालं. यांचा पाय प्लास्टरमध्ये, स्वतःला उतरता येईना, आणि खालून म्हशींचं ओरडणं ऐकवेना. तेव्हा हे बापाला बोलले की माझा पाय धड असता तर मी असा बसलो नसतो, तुम्ही काय हातात बांगड्या भरल्यात का. मामंजींनी धोतर खोचलं आणि उतरले.

यांनी रागाने तोंड फिरवलेलं होतं. सासूबाई बघत होत्या. बांबूच्या बेटापाशी पाण्याने मामंजींना फिरवलं. एकदा हात वर आला, मग नाही आला. सासूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. मग यांच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पोहत पलीकडे लागले, मी पाहिलं. गावाने तेच धरलं. सगळे पलीकडच्या काठाला शोधत राहिले, आणि मामंजी खाली कुठे वाहत गेले कोणाला कळलं नाही. ते पाप माझं, असं त्या मला म्हणाल्या.

पाणी ओसरलं तेव्हा हे काठी टेकत नदीवर गेले. सासूबाई मागोमाग. यांना छातीएवढ्या पाण्यातून केसाला धरून त्यांनी बाहेर ओढलं. घरी आणलं तर घरात सगळा चिखल, कुंकवाचा करंडासुद्धा वाहून गेलेला. कैलासच्या आईकडून चिमूटभर कुंकू मागून आणलं. यांच्यासमोर बसून लावलं आणि सांगितलं की बघ, माझं कुंकू आहे म्हणजे तुझा बापूस आहे. मी पुसेन त्या दिवशी तू जा नदीवर.

तेव्हापासून रोज सकाळी त्या कुंकू लावून यांच्यासमोर बसायच्या. त्यांना आशा बिशा काही नव्हती गं. नवरा गेला तो गेला, पोरगा राहिला पाहिजे.

तुझ्या घरच्या दहाव्याला हे रिक्षात त्यांच्या शेजारी बसलेले होते. त्या उतरून तुझ्याजवळ आल्या असत्या तर यांच्या डोळ्यांदेखत स्वतःला विधवा म्हटल्यासारखं झालं असतं. तू हाक मारलीस तेव्हा तोंड फिरवलं ते तुझ्यावरून नाही, यांना डोळे दिसू नयेत म्हणून. घरी आल्या त्या सरळ गोठ्यात गेल्या. मी पाण्याची बादली घेऊन गेले तर साबण लावून एकेक बांगडी उतरवत होत्या. कपाळ पुसलेलं. मोकळ्या हातांनी तिथे बसून राहिल्या आणि काशी, काशी म्हणून तुझं नाव घेत होत्या. हे नाक्यावरून परत यायच्या आत सगळ्या बांगड्या पुन्हा चढवल्या. हात सोलवटून निघाले. तेव्हा मला वाटलं की सासूबाईंचं डोकं फिरलं. तुझ्याबरोबर तेवढा वेळ त्या विधवा झाल्या होत्या, ते मला गेल्या वर्षी कळलं.

तुझं मागणं खोटं नाही. आईच्या पानाला लेकीचा हात लागायला पाहिजे. पण भावकीसमोर तू विचारलंस तर हे उत्तर देतील, आणि उत्तर देऊन झाल्यावर हे घरी येणार नाहीत. सासूबाई होत्या तोवर त्या बघत होत्या. आता मी एकटी किती बघू? माझ्या कपाळाकडे बघून ते थांबणारे नाहीत.

काय करायचं ते तू ठरव. मला उत्तर लिहू नकोस, पाकिटं हेच फोडतात. गिरणी बंद झाली वाटतं, आवाज थांबला.

मला परकी समजू नकोस.
तुझी वयनी,
गया


॥ श्री ॥

कॅम्प ५, उल्हासनगर,
९ सप्टेंबर २०२५

ती. दादूस यास,
धाकट्या काशीचा शि. सा. न. वि. वि.

गेलं पत्र मी रागात लिहिलं. ढोल वाजत होते, साखर वाढली होती, आणि माझी जीभ तुला ठाऊकच आहे. ते पत्र फाडून टाक. खिशात वगैरे ठेवू नकोस, धुवायला टाकलंस तर सगळे कपडे खराब होतील. नको ती म्हण लिहून गेले. तिच्यात काही अर्थ नव्हता, हाताला आली म्हणून लिहिली. मला माफ कर.

मी पुष्कळ विचार केला. तुझंच बरोबर आहे. बाबांना बुडताना कोणी पाहिलं? कोणीच नाही. आईने त्यांना पोहत जाताना पाहिलं, आणि आई काही खोटं बोलणारी बाई नव्हती. बाबांना पाण्याचं भय कधी नव्हतंच. कुठेतरी लागले असतील. कोणीतरी ठेवून घेतलं असेल, कष्टाचा माणूस कोणाला जड होतो?

तेव्हा सर्वपित्रीचं डोक्यातून काढून टाक. आईचं पान नवमीलाच वाढ. भावेशच्या फलकावर सौ. लिहिलंय ते ठीक आहे, तसंच राहू दे. हिरवी साडी चांगली घे, बाजारात काहीही गळ्यात मारतात, वयनीला बरोबर ने. बांगड्या जरा सैल बघून घ्या. आईला घट्ट बांगड्यांचा त्रास व्हायचा.

मी येणार नाही. रुसून लिहीत नाही, खरंच सांगते. सवाष्णींच्या पंगतीला माझं काय काम, उगाच बायका अवघडतील. मी त्या दिवशी इकडेच ओट्यावर पँटींचे धागे कापत बसेन. सिंधीण आली तर तिला सांगेन की अमां आज जेवायला गेली आहे. तेवढाच एक दिवस तिला रडायला नको.

आईवर माझा राग होता, तो आता नाही. कसा गेला ते विचारू नकोस. म्हातारपणी जातात तसा गेला. मला तिची फार आठवण येते दादूस. आठवण येते आणि छातीत दुखतं, एवढं मात्र खरं आहे.

तू दोन घास पोटभर जेवत जा. वयनी सांगेल ते ऐक, तिच्यासारखी बाई तुला दिवा लावून शोधली तरी मिळाली नसती. संध्याकाळी काठावर बसायचं बंद कर. बसायचंच असेल तर गाडी धरून माझ्याकडे येऊन बस. कॅम्प पाचला नदी नाही, पण ओटा आहे आणि चहा आहे. दर रविवारी ये. मी वाट बघेन, आणि तू आला नाहीस तर मीच तिकडे येऊन तुला कानाला धरून आणेन.

आणि बाबा आले तर मला लगेच कळव. रात्र असो, पाऊस असो, मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघेन.

जीव लावलास तसाच लावत राहा.
तुझीच,
काशी